उजव्या बाजूचा पत्रा

मंगळवारी सकाळी माझा नवरा कारखान्याच्या गेटपाशी पडला. दुपारी डॉक्टरांनी तो गेल्याचं सांगितलं. घरी अंगणात आमची चारचाकी गाडी स्टँडवर उचलून ठेवलेली होती. तिच्या डाव्या बाजूचा पत्रा जोडून झाला होता. उजव्या बाजूचा राहिला होता.

पुढचे काही दिवस लोक मला त्याच्याबद्दल सांगत होते. तो किती जणांच्या उपयोगी पडला, कुणाच्या मुलीच्या लग्नात कसा रात्रभर राबला, युनियनच्या भांडणात कसा मध्ये पडला. मी ऐकत होते. माझ्या डोक्यात मात्र उजवी बाजू होती. ती मी करायची असं आमचं ठरलं होतं, आणि हे त्याच्याशिवाय दुसऱ्या कुणाला माहीत नव्हतं. नवरा गेल्यावर बाईने गाडीच्या पत्र्याचा विचार करत बसावं, हे कुणाला सांगण्यासारखंही नव्हतं.

गाडी जुनी होती. त्याच्या कारखान्यातला एक साहेब बदली होऊन जाताना ती विकून गेला आणि आम्ही ती घेतली. बदलापूरला नदीपासून फार लांब नसलेल्या एका बैठ्या चाळीत आमचं टोकाचं घर. टोकाचं म्हणून गाडी मावेल एवढं अंगण आमच्या वाट्याला आलं होतं. सकाळी तो मला अंबरनाथला कॉलेजपाशी सोडायचा. तिथल्या ग्रंथालयात माझी नोकरी. तिथून तो पुढे एमआयडीसीत कारखान्यात जायचा. मग पुराचं वर्ष आलं. नदी घरात शिरली. भांडी तरंगली, खालच्या फळीवरची माझी पुस्तकं लगदा झाली, आणि गाडी सीटपर्यंत गढूळ पाण्यात उभी राहिली. पाणी उतरल्यावर त्याने सीट उन्हात टाकल्या, इंजिन खोललं, पुसलं, आणि गाडी सुरू झाली. शेजारी म्हणाले, नशीब चांगलं तुमचं.

पण गाळ आत राहिला होता. गाडीच्या दोन्ही कडांना, दरवाज्यांच्या खाली, एक लांबच लांब पोकळ पट्टी असते. तिला सिल म्हणतात. गाडीचा मधला सगळा भार तीच तोलून धरते. त्या पोकळीत गाळ बसला आणि पत्रा आतून सडत गेला. बाहेरून रंग शाबूत. दोन पावसाळे गेल्यावर त्याने एका रविवारी सिलवर स्क्रू ड्रायव्हर टेकवला, तर तो चहात बुडवलेल्या बिस्किटात जावा तसा आत गेला.

गॅरेजवाला म्हणाला, “लांबी भरून रंग मारून देतो. कुणाला कळणार पण नाही.” लांबी म्हणजे पत्र्याचे खड्डे बुजवायचा लेप.

“आणि आत पत्राच नाही, तर लांबी कशाला चिकटणार? हवेला?” नवरा म्हणाला आणि गाडी परत घेऊन आला. येताना मला म्हणाला, “घरीच करू.”

तो कारखान्यात फिटर होता, वेल्डर नव्हता. त्याच्या कारखान्यात केमिकलच्या टाक्या बनायच्या. वेल्डर सगळे त्याचे मित्र, आणि त्यातला एक त्याचा सख्खा धाकटा भाऊ, म्हणजे माझा दीर. त्यामुळे गाडीचं कळल्याबरोबर सल्ल्यांचा पूर आला आणि सगळ्यांचा सल्ला एकच होता: रॉड लाव, आर्क मार, एका दुपारचं काम आहे. ते लोक विजेच्या ठिणगीने रॉड वितळवून बोटाएवढ्या जाड प्लेटा जोडत होते. त्यांच्यासाठी वेल्डिंग म्हणजे तेवढंच. नवऱ्याला पटत नव्हतं, पण का पटत नाही हे त्याला नीट मांडता येत नव्हतं.

ते मांडायचं काम माझ्याकडे आलं. मी ग्रंथालयाच्या तांत्रिक कपाटातून इंग्रजी पुस्तकं आणत होते. संध्याकाळी भाकऱ्या झाल्या की मी एक परिच्छेद वाचायची, मराठीत सांगायची, आणि तो डोळे मिटून ऐकायचा. मध्येच म्हणायचा, “थांब. परत सांग. किती जाड पत्रा म्हणाली?” आमच्या लग्नाला बरीच वर्षं झाली होती. इतकं लक्ष देऊन त्याने माझं कधी ऐकलं नव्हतं. हे मी तक्रार म्हणून लिहीत नाही. म्हणजे, थोडी तक्रार आहेच.

आर्क बाद झालं ते पुस्तकामुळे नाही. त्याने भंगारातल्या एका दरवाज्याचा तुकडा आणला आणि दिराला म्हणाला, “मारून दाखव.” दिराने रॉड लावला. प्रकाश झाला, चरचर झाली आणि पत्र्याला रुपयाएवढं भोक पडलं. त्याने भोक भरायला रॉड लावला, तर भोक मोठं झालं. “पत्राच डुप्लिकेट आहे दादा,” दीर म्हणाला. नवरा खूप हसला. गाडीचा पत्रा पोस्टकार्डापेक्षा फार जाड नसतो. आर्कची उष्णता त्याला झेपत नाही. हे दिराने डोळ्यांनी पाहिलं होतं. तरी पुढे जे झालं ते झालं.

मग गॅस. उल्हासनगरच्या गॅरेजांत बहुतेक जण गॅसनेच करत होते. पण गॅसची ज्योत पत्रा हळूहळू आणि लांबपर्यंत तापवते. जोड चांगला येतो आणि आजूबाजूचा पत्रा पापडासारखा वाकतो. मग तो ठोकत बसायचं, आणि ठोकून राहील ते लांबीने भरायचं. कंपनीत गाडी बनते तेव्हा ती स्पॉट वेल्डिंगने जोडतात. तांब्याचे दोन जबडे पत्र्यांना दोन्ही बाजूंनी चिमटीत धरतात आणि मधून करंट सोडतात. सगळ्यांत चांगलं तेच. पण सिल पोकळ आणि बंद, आतल्या बाजूला जबडा पोचणार कसा? आणि आमच्या चाळीत शेजारच्यांची इस्त्री आणि आमचा पंप एकदम लागला की फ्यूज उडायचा.

राहिलं सीओटू. यात बंदुकीसारख्या नळीतून बारीक तार आपोआप पुढे येते, तीच वितळते, आणि भोवती गॅस सुटून हवेला जोडापासून लांब ठेवतो. उष्णता थोडी, आणि जिथे पाहिजे तिथेच; वीजही घरच्या फ्यूजला झेपेल एवढीच. मशीन भाड्याने मिळालं उल्हासनगरला कॅम्प तीनमध्ये, एका सिंधी दुकानदाराकडे. गॅसची बाटली त्यानेच सोडावाल्याकडून मिळवून दिली, कारण बाटलीतल्या सोड्यात असतो तोच हा गॅस. हे कारखान्यात कळलं आणि नवऱ्याची पुरती गंमत झाली.

“काय रे, सोडा मारून गाडी जोडतोस म्हणे? लिंबू पिळलंस का?”

“वहिनी, जपून बसा गाडीत. ढेकर देईल,” रस्त्यात भेटला की एखादा मलाही म्हणायचा.

त्याने सगळ्यांना हसू दिलं. स्वतःची बाजू त्याने कधीच कुणापुढे लावून धरली नाही. मला तेव्हा हा त्याचा मोठेपणा वाटायचा.

कॅम्प तीनला जीन्सचे कारखाने आहेत. त्यांच्या बाहेर जाड कापडाच्या कातरणांची पोती पडलेली असतात. त्यातून तुकडे आणून मी दोन अ‍ॅप्रन शिवले. एक त्याचा, आणि एक उगीच, माझ्या मापाचा. त्याने तो पाहिला. पुढच्या रविवारी त्याने भंगार पत्र्याचे दोन तुकडे मांडीएवढ्या लाकडी ठोकळ्यावर ठेवले आणि बंदूक माझ्या हातात दिली.

माझा पहिला जोड पक्षी शिटल्यासारखा आला. दहावा-बारावा बरा आला. पहिल्याच दिवशी वेल्डिंगची काळी काच डोळ्यांपुढे धरायला एकदा विसरले आणि संध्याकाळी डोळ्यांत वाळू भरल्यासारखं झालं. त्याने थंड दुधात कापूस बुडवून पापण्यांवर ठेवला. दुसऱ्या दिवशी कॉलेजात मी, त्याने सुचवल्याप्रमाणे, डोळे आल्याचं सांगितलं.

“खरं का नाही सांगायचं?” मी घरी येऊन विचारलं.

“काय सांगणार? नवरा वेल्डिंग करायला लावतो?”

“मीच करते म्हणून सांगीन.”

“आणि मला कारखान्यात जगू देतील का ते? गाडी पूर्ण होऊ दे. मग सगळ्यांना जेवायला बोलावू आणि दाखवू. ही बाजू माझी, ती बाजू हिची. ओळखा कुठली कुणाची.”

चार माणसांत मी त्याला अहो म्हणत असे आणि घरात नावाने हाक मारत असे. हेही तसंच, एवढंच मला वाटलं. अंगणाला आम्ही दोन बाजूंनी ताडपत्री बांधली होती, कारण वारा आला की गॅस उडून जातो आणि जोडात बुडबुडे राहतात. ताडपत्रीने गॅस टिकत होता आणि मीही कुणाला दिसत नव्हते.

डावी बाजू आम्ही हळूहळू केली. आधी दरवाज्याच्या चौकटीत लोखंडी अँगल आडवा जोडून घेतला. सिल कापली की गाडीला कंबर राहत नाही, ती मध्ये खचते आणि दरवाज्याची चौकट वाकडी होते. म्हणून आधी तिला आधार द्यायचा. मग सडका पत्रा चांगल्या पत्र्यापर्यंत कापायचा. नवी पट्टी कॅम्प दोनमधून वाकवून आणली होती, दोन्ही बाजूंच्या दोन. तिच्या कडेला भोकं पाडून, ती जागेवर बसवून, एकेक भोक भरून काढायचं. स्पॉट वेल्डिंगसारखंच, फक्त एका बाजूने. एक टाका इथे मारला की पुढचा पार त्या टोकाला. मग थांबायचं. तळवा पत्र्यावर ठेवायचा. ठेवता आला, तर पुढचा टाका. नाही आला, तर बसून राहायचं. आमचा जास्त वेळ त्या बसून राहण्यात गेला. सिलचा पुढचा अर्धा भाग त्याने जोडला, मागचा अर्धा मी. शेवटचा टाका मारल्यावर त्याने अँगल कापून काढला आणि दरवाजा लोटला. पूर्वी लागायचा तसाच, हलकासा आवाज करून तो लागला. त्याने परत उघडला, परत लावला. तीन-चार वेळा.

“उजवी तुझी,” तो म्हणाला. “मी नुसता काच धरून बसणार.”

उजव्या सिलवर मी खडूने कापायची रेघ मारली. नवी पट्टी जीन्सच्या कापडात गुंडाळून पलंगाखाली ठेवली. त्यानंतरच्या मंगळवारी तो गेला.

आमच्यात, बौद्धांमध्ये, गेलेल्या माणसाच्या पुण्यानुमोदनाच्या कार्यक्रमाला सगळे येतात. दारापुढे छोटा मांडव घातला. गाडी अंगणातच एका बाजूला होती, ताडपत्रीआड. पांढऱ्या चादरीवर त्याचा फोटो, मेणबत्त्या, फुलं. बौद्धाचार्यांनी त्रिसरण, पंचशील घेतलं. त्यानंतर लोक आदरांजलीचं बोलायला उभे राहू लागले. वस्तीतले, युनियनचे, माझ्या कॉलेजचे. मी आत, फोटोशेजारी, बायकांमध्ये बसले होते. माईकवरून सगळं ऐकू येत होतं. त्याच्या खात्यातल्या वेल्डरांची पाळी आली तेव्हा त्यांच्यातला सगळ्यांत मोठा उभा राहिला. त्याने माईक दोन्ही हातांत धरला. मग तो म्हणाला, “आम्हाला बोलायला येत नाही. आम्ही हाताने बोलणारी माणसं. आमच्या दोस्ताचं काम अर्धं राहिलं. ते अर्धं आम्ही ठेवणार नाही.” त्याने माईक खाली ठेवला. कुणीतरी टाळी वाजवली आणि मध्येच थांबवली.

मला त्याचा अर्थ कळला नाही. बोलण्याची रीत म्हणून बोलला, असं वाटलं. पुढचं भाषण सुरू झालं. थोड्या वेळाने मांडवामागून चरचर ऐकू येऊ लागली. जेवणाची तयारी तिकडेच होती. मला वाटलं, पुऱ्या तळत असतील. माझ्या शेजारची बाई तर म्हणालीसुद्धा, “तेल जास्त तापलंय वाटतं.” मग जळक्या रंगाचा वास आला.

मी उठले. बायकांनी मला धरलं, त्यांना वाटलं मला घेरी आली. त्यांचे हात सोडवून मी अंगणात गेले. ताडपत्री काढून टाकलेली होती. कारखान्याच्या ठेकेदाराचं आर्कचं मशीन टेम्पोतून आणून मांडवाच्या विजेला जोडलं होतं. उजवी सिल रॉडनेच जाळून कापली होती आणि ती खाली पडली होती, माझ्या खडूच्या रेघेसकट. पलंगाखालची पट्टी दिराने कधी काढून नेली मला कळलंही नव्हतं. चौकटीत अँगल नव्हता. पट्टी एका टोकाने गाडीला लागली होती, आणि माझा दीर, अंगात भावाचा अ‍ॅप्रन, रॉड लावत होता. त्याच्यामागे बाकीचे रांगेत उभे होते. फुलं वाहायला उभे राहतात तसे. एकाचा जोड झाला की तो रॉड पुढच्याच्या हातात देत होता, हात जोडत होता आणि बाजूला होत होता. भोकं पडत होती आणि त्यावर रॉड भरून ती बुजवली जात होती. पत्रा वितळून थेंब फरशीवर पडत होते. माझा अ‍ॅप्रन त्यांनी बॅटरीवर टाकला होता, ठिणग्या पडू नयेत म्हणून. कुणीही तळवा ठेवून पाहत नव्हता. थांबत नव्हता.

सगळे रडत होते. हे लिहिलं पाहिजे. दिराची काच खाली आली तेव्हा त्याचा चेहरा पूर्ण ओला होता.

“वहिनी,” तो म्हणाला, “दादाचं काम पुरं केलं.”

मी काय म्हणायला हवं होतं? मी “बंद करा” म्हटलं होतं, पण मशीनच्या आवाजात ते मलाच ऐकू आलं नाही. दुसऱ्यांदा म्हणायच्या आत कुणीतरी माझ्यासाठी खुर्ची आणली. मी खुर्चीवर बसले. शेवटचा जोड त्या सर्वांत मोठ्या वेल्डरने मारला आणि गाडीच्या छपरावर हात ठेवून म्हणाला, “जा बाबा आता निवांत.” मग सगळे जेवायला बसले. पुऱ्या होत्याच.

दुसऱ्या दिवशी दिराने, माझी धावपळ वाचावी म्हणून, सीओटूचं मशीन आणि सोड्याची बाटली कॅम्प तीनला परत देऊन टाकली. त्याच्या पुढच्या रविवारी माणूस लावून जोडांवर लांबी भरली, रंग मारला. उजवा दरवाजा लावायला गेला तर तो चौकटीवर आपटून परत आला. “रबर नवीन बसवलं की लागेल,” दीर म्हणाला. रबराचा काही संबंध नव्हता. गाडी खचली होती.

त्या दिवशी मी त्याला सांगितलं. “भाऊजी, डावी अर्धी मी केली आहे. उजवी मीच करणार होते. तुमच्या दादाने सांगितलं होतं.”

त्याने माझ्याकडे अत्यंत दयेने पाहिलं. तसं कुणी माझ्याकडे पाहू नये. “वहिनी, दादा तर म्हणायचा, एकट्याने केली डावी बाजू. सगळ्या खात्याला माहीत आहे.” मग हळूच, “थोडे दिवस तुमच्या माहेरी जाऊन या. घरात एकटं बसलं की डोक्यात असं येतं.”

“भाऊजी, मला कळतं मी काय बोलते ते.”

“हो हो,” तो म्हणाला. “चहा टाकू का मीच?”

नंतर कळलं, त्याने खात्यात सांगितलं की वहिनींना भास होतात. लोक माझ्याशी रस्त्यात जपून बोलू लागले.

महिन्याभराने मी कॅम्प तीनला गेले. शेअर रिक्षातून उतरून त्या दुकानापर्यंत चालताना माझं ठरलेलं होतं: मशीन परत आणायचं, उजवी बाजू पूर्ण कापायची, अँगल लावायचा, सगळं पहिल्यापासून. दुकानदाराने मला ओळखलं नाही. नवऱ्याचं नाव सांगितल्यावर तो गादीवरून उठून उभा राहिला.

“अरे भाभी, बैठो बैठो. कसा माणूस गेला. मशीन नेहमी पुसून द्यायचा. असा कस्टमर नाही भेटत.” त्याने पोऱ्याला पाणी आणायला पाठवलं. “वो एक बार सॅम्पल लाया था मेरेको दाखवायला. दोन पट्टी. एक उसका, एक उसके हेल्परका. मी बोललो, साईं, तुझ्यापेक्षा हेल्परचा हात साफ आहे. खूप हसला. बोला, हां, वो तो है.”

मी पाण्याचा पेला तसाच धरून बसले.

“तो हेल्पर कुठे असतो आता?” दुकानदाराने विचारलं. “इधर काम बहोत पडेला है. असा हात मिळत नाही भाभी. त्याला भेजून द्या ना माझ्याकडे.”

“सांगते,” मी म्हटलं.

तेवढ्या एका ठिकाणी त्याने मला कबूल केलं होतं. हेल्पर म्हणून. ज्यांच्यासमोर सांगायला हवं होतं त्यांच्यासमोर नाही. जिथे काही बिघडणार नव्हतं तिथे, आणि तेही अर्धंच. मला त्याचा इतका राग आला की मला दुकानात रडू आलं, आणि दुकानदाराला वाटलं मला नवऱ्याची आठवण आली. तीही आली होतीच.

मशीन मी आणलं. रविवारी ताडपत्री न बांधताच कामाला लागले. भाजलेला, भोकं पडलेला माझा अ‍ॅप्रन अंगात घातला, ग्राइंडरला कापायची चकती लावली आणि उजव्या सिलच्या मागच्या टोकाला, शेवटच्या जोडाला लावली. लांबी धूळ होऊन उडाली. खाली जोड दिसू लागला. त्याचे ओघळ सुकलेल्या मेणासारखे होते. चाळीतले लोक दारात आले. कुणीतरी दिराला फोन केला असणार, कारण तो अंबरनाथहून आला तेव्हा मी दुसऱ्या जोडापर्यंतही पोचले नव्हते. त्याच्याबरोबर तो मोठा वेल्डरही होता.

दीर ओरडला नाही. ओरडला असता तर बरं झालं असतं. तो माझ्याशेजारी फरशीवर बसला आणि म्हणाला, “वहिनी, मी त्याला खांदा दिला आणि हा जोड दिला. माझ्याकडून त्याला एवढंच गेलं. कापायचं असेल तर माझ्यापासून कापा.” आणि त्याने आपल्या जोडावर हात ठेवला. म्हातारा मागे उभा होता. मी कापत होते तो जोड त्याचा होता. अंगणातला नळ सोडून त्याने तोंड धुतलं.

त्यांचं दुःख खरं होतं, हाच त्यातला सगळ्यांत वाईट भाग. ती माणसं खोटी असती तर मी पूर्ण कापून काढलं असतं. मी ग्राइंडर बंद केला. त्या दोघांसाठी चहा केला. जाताना दीर म्हणाला, “बघा, आता बरं वाटेल तुम्हाला.”

त्यानंतर नवऱ्याच्या स्मृतिदिनाला ते लोक यायचे. फोटोला फूल वाहून झालं की अंगणात जायचे, गाडीच्या उजव्या बाजूला वाकायचे आणि आपापली जागा शोधायचे. एकाने लग्न झाल्यावर बायकोला आणून दाखवलं, “हा माझा.” तिने वाकून नमस्कार केला. डाव्या बाजूला कुणी जात नसे. तिथे पाहण्यासारखं काही नव्हतं. जोड कुठे आहे तेच दिसत नव्हतं.

दोन पावसाळ्यांत उजवीकडची लांबी फुगली आणि खपल्या पडल्या. भोकांतून पाणी आत गेलं आणि जोडांच्या कडेने पत्रा पुन्हा सडला. एका मेकॅनिकला दाखवलं. तो म्हणाला, आता जोडायचं म्हटलं तरी कशाला जोडणार, धरायला पत्रा उरला नाही. दिराला मी ते सांगितलं नाही. तो आता कमी येतो. कारखाना बंद पडल्यापासून कुणीच फारसं येत नाही.

मी अजून अंबरनाथला त्याच ग्रंथालयात जाते, आता शेअर रिक्षाने. ती इंग्रजी पुस्तकं मी परत कपाटात लावली आहेत. ती कुणी नेत नाही.

गाडी अंगणात आहे. डावा दरवाजा लागतो. उजवा लागत नाही.